थेम्स व्ह्यूमधलं हळदीकुंकू

लोणावळ्यात इंद्रायणीच्या ओहोळाकाठी एक बंगली होती आणि तिच्या फाटकावर 'थेम्स व्ह्यू' अशी पाटी होती. समोरचा ओहोळ चैत्रात आटत आलेला, उरल्यासुरल्या डबक्यात कोणाची तरी म्हैस बसलेली. लीलाबाईने पाटी वाचली, म्हैस बघितली आणि तिला हसू आवरेना. पण नवरा शेजारी उभा होता, टांग्यातून ट्रंक उतरत होती, आणि हसून चालणार नव्हतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि हसू पोटात ढकललं.

लीलाबाई तळेगावच्या एका शाळामास्तरांची मुलगी, जिभेने तिखट आणि अंगाने किरकोळ. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण संसार म्हणाल तर एक महिन्याचा. नवरा शरच्चंद्र लंडनला एका चहाच्या पेढीच्या कचेरीत कारकून होता. लग्नाची हळद अंगावर असतानाच तो बोटीत बसला आणि ही तळेगावात सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या पुसत राहिली. यंदा तो रजेवर आला, तो हॅट घालून. ज्येष्ठात परत जायचं होतं.

"तुला न्यायचं माझ्या मनात आहे," तो म्हणाला होता, "पण तिथे चारचौघांत लाज नको. अरुंधतीमावशी लंडनला राहून आलीय. तिच्याकडे राहा, नीट शीक. मला मुंबईच्या कचेरीत कामं आहेत. अक्षय्य तृतीयेला येतो. मावशीने 'हो' म्हटलं तर तुझं तिकीट काढतो. नाहीतर पुढच्या रजेला बघू."

पुढची रजा तीन वर्षांनी. लग्नाच्या बायकोला न्यायचं की नाही हे मावशीने ठरवायचं! लीलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण लंडन कसंही असो, तिथे स्वतःची चूल असणार होती आणि संध्याकाळी नवरा घरी येणार होता. तेवढ्यासाठी ती काहीही गिळायला तयार होती. तिने मान डोलावली आणि त्याच दिवशीच्या पॅसेंजरने शरच्चंद्र मुंबईला निघून गेला.

मावससासूबाई म्हणजे अरुंधतीबाई. त्यांचे यजमान डॉक्टर गंगाधरपंत वरच्या परीक्षेसाठी विलायतेला गेले होते, तेव्हा बाई बरोबर गेल्या. दोन हिवाळे काढून दोघं परत आले, त्यालाही आता दहा वर्षं झाली. डॉक्टर लोणावळ्याच्या बाजारात दवाखाना घालून बसले, धोतर नेसू लागले, गिऱ्हाइकांशी शेतीपाण्याच्या गप्पा मारू लागले. अरुंधतीबाई मात्र अजून बोटीतून उतरल्याच नव्हत्या. नाक असं वर, की पायाखाली लोणावळा आहे हे त्यांना दिसतच नसे.

"आमच्या लंडनला दूध कसं दाराशी येतं, बाटलीत," त्या म्हणायच्या. इथेही दूध दाराशीच येत होतं, चरवीतून, पण ते सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरली. वरणभात काट्याचमच्याने खायचा. काट्यातून वरण गळायचं, भात तेवढा राहायचा, आणि अरुंधतीबाई डोळे मिटून म्हणायच्या, "अरेरे!" कोणी 'कशा आहात' विचारलं तर खरं सांगायचं नाही. पोट दुखत असलं तरी छान म्हणायचं आणि लगेच हवेचा विषय काढायचा. रोज चार वाजता दिवाणखान्यात बसून, पंखा नाही, वारा नाही, घामाच्या धारा लागल्यात, अशा अवस्थेत लीलाबाईने म्हणायचं, "आज जरा गारवा आहे, नाही?" आणि अरुंधतीबाईंनी म्हणायचं, "हो ना, पाऊस येईलसं वाटतं." समोरची म्हैससुद्धा मान वर करून बघत असेल.

आणि मोजे! लीलाबाईला सगळ्यात जास्त राग आला तो मोज्यांचा. जाड लोकरीचे, गुडघ्यापर्यंतचे, चैत्राच्या उन्हात. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत ते पायात पाहिजेत. तिने काढून ठेवले की अरुंधतीबाईंना भिंतीआडूनही कळायचं.

"मोजे कुठायत? घरात असलीस तरी मोजे घालायचे. जिन्यावर तर आधी."

"पण मावशी, इथे जिना कुठाय?"

"तिथे आहे."

झालं. पुढे बोलणं नाही. आणखी एका गोष्टीवर त्यांचा आवाज असाच चढायचा. "कोणाच्या दारी आपण होऊन जायचं नाही," त्या म्हणायच्या. "कधीही नाही. समजलं?" जणू लीलाबाई कोणाच्या घरी दरोडा घालायलाच निघाली होती.

दर रविवारी निकाल लागायचा. अरुंधतीबाई चहाचा कप खाली ठेवायच्या, लीलाबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाही." का नाही? तर चालताना बांगड्या वाजतात. पुढच्या रविवारी बांगड्या वाजल्या नाहीत, तर हसणं मोठं आहे. त्याच्या पुढच्या रविवारी ती हसलीच नाही, तर चेहरा पडलेला दिसतो.

कुरवंड्याची विठाबाई करवंदं घेऊन यायची. डोक्यावर पाटी, पायात काही नाही, आणि तोंड एकदा सुटलं की गाडीच्या इंजिनासारखं. तिने पहिल्या दिवशी लीलाबाईचे पाय पाहिले आणि पाटी खाली ठेवली.

"आगं माज्या बाई! पायाला लागलंय का काय? येवढी पट्टी बांधलीया?"

"लागलं नाही विठाबाई. लंडनला जायची तयारी आहे."

"पायानंच जायाचं हाय व्हय?" विठाबाई म्हणाली आणि असली खिदळली, की आतून अरुंधतीबाईंनी खिडकी लावून घेतली.

अक्षय्य तृतीया आठवड्यावर आली तशी लीलाबाईची झोप उडाली. तृतीयेच्या आदल्या सकाळी डॉक्टर ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मावशी न्हाणीघरात होत्या. लीलाबाईने चहा ठेवला आणि न राहवून विचारलं, "काका, माझं चुकतं तरी काय?"

डॉक्टरांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "काही नाही चुकत, सूनबाई. पण तुम्ही काही पास व्हायच्या नाहीत. तुम्ही पास झालात, लंडनला गेलात, तर हिच्या लंडनच्या गोष्टी ऐकायच्या कोणी? या घराची पायरी दहा वर्षांत गावातली एक बाई चढलेली नाही. मी ऐकतो, पण मी तिथे होतो ना, माझा काय उपयोग?"

लीलाबाईच्या डोक्यात अशी तिडीक उठली की हातातली बशी आपटावीशी वाटली. म्हणजे हिला श्रोता पाहिजे म्हणून माझा संसार अडकलाय! मी वरण काट्याने प्यायले तरी ही 'अजून नाही'च म्हणणार. बाई आहे की कोण आहे!

रागात तिचं डोकं चांगलं चालायचं. तिने मोजे ओढून काढले, घडी करून खिडकीत ठेवले आणि मावशी न्हाऊन येताच विचारलं, "मावशी, चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायचं नाही का आपल्याकडे? तृतीयेपर्यंत चालतं."

अरुंधतीबाईंचा चेहरा एकदम कडू झाला. "या गावात? मी केलं होतं आल्या आल्या. वाटली डाळ केली, पन्हं केलं, आरास मांडली. एक बाई आली नाही. रानटी लोक आहेत. त्यांना रीत म्हणून माहीत नाही."

"मी करून बघते. आणि बायका आल्या, तर तुम्ही आपल्या भाच्यांना 'हो' सांगायचं. मी तयार झाले म्हणून."

"कोण येतंय!" अरुंधतीबाई म्हणाल्या. "आल्या तर सांगेन. पण वेळ ठेवायची. चार ते साडेपाच."

लीलाबाईने कुंकवाचा करंडा घेतला, साध्या वहाणा घातल्या आणि बोलावणं करायला निघाली. विठाबाई नेमकी फाटकात भेटली. बोलावणं करायला चाललेय म्हटल्यावर ती पाटीसकट मागे आली. तिला गावातलं प्रत्येक घर ठाऊक होतं, आणि प्रत्येक घराचं भांडणही.

पोस्टमास्तरांच्या नंदाबाईंच्या दारात लीलाबाईने कुंकू लावलं आणि म्हणाली, "उद्या संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकवाला या हं."

नंदाबाईंनी तिच्या हातांकडे बघितलं. "कार्ड नाही आणलंत?"

"कसलं कार्ड?"

नंदाबाईंनी विठाबाईकडे बघितलं, विठाबाईने नंदाबाईंकडे, आणि दोघींच्या तोंडाला एकदमच पाणी सुटलं. विठाबाई पायरीवर टेकली.

"तुमास्नी कुनी सांगितलं न्हाई व्हय? आवं, तुमच्या मावशीबाईनं गड्याच्या हाती कागुद धाडलं हुतं. घरोघर! छापल्यालं! चार ते साडेपाच या म्हनून. हळदीकुकवाला कुनी कागुद धाडतंय व्हय? कुकू लावाया बाई याया नगं? आन साडेपाचला काय हाकलून देनार हुती का काय?"

"मला तर वाटलं समन्स आलं," नंदाबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी तारीख वाचली, मी म्हटलं, अगोबाई, कोर्टात बोलावलंय! गावातली एक बाई गेली नाही. गेलो असतो तर आमचं नाक राहिलं असतं का?"

तर ही गंमत. दहा वर्षं अरुंधतीबाई म्हणतायत गाव रानटी, आणि दहा वर्षं गाव म्हणतंय बाई चढेल. मधे काय, तर गड्याच्या हाती गेलेले कागद! लीलाबाईला दोघांचीही कीव आली नाही, रागच आला. बाईच्या अंगात एवढं शहाणपण, मग दारात जाऊन बोटभर कुंकू लावायला काय हात झिजत होते? ती भर उन्हात घरोघर फिरली. स्टेशनाकडच्या घरांत गेली, बाजारातल्या माड्या चढली, वलवणच्या रस्त्यापर्यंत जाऊन आली. पाय पोळले, पण मोज्यांपेक्षा ते पोळणं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया. दिवाणखान्यातल्या विलायती खुर्च्या लीलाबाईने ओढून परसात घातल्या आणि सतरंज्या अंथरल्या. झोपाळ्यात गौर बसली. मोगऱ्याचे गजरे, कैरी घातलेली वाटली डाळ, पन्ह्याचं पातेलं, भिजवलेले हरभरे, काकडीची कमळं. अरुंधतीबाईही कपाटातून पैठणी काढून नेसल्या. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

चार वाजले. कोणी नाही. साडेचार झाले, कोणी नाही. अरुंधतीबाई गौरीशेजारी ताठ बसून होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान पसरत चाललं होतं.

"सांगितलं होतं मी," त्या म्हणाल्या.

लीलाबाई फाटकाकडे बघत राहिली. तीन वर्षं. पुन्हा बरण्या. पुन्हा सासूबाईंचं 'आमचा शरू तिकडे एकटा'. तिला रडू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात फाटक वाजलं.

बायका आल्या. आधी नंदाबाई, मागून स्टेशनाकडच्या चौघी, मग बाजारातला सगळा गोतावळा. उशीर का, असं लीलाबाईने विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, "अगं, चहाची भांडी कोण घासणार, तुझा राजा?" पोरंबाळं कडेवर, गजऱ्यांचा घमघमाट, आणि बोलण्याचा असा गलका की पत्र्याचं छप्पर उडतंय की काय.

अरुंधतीबाई करंडा घेऊन पुढे झाल्या. नंदाबाईंनी कपाळ पुढे केलं. बाईंनी घाईघाईने बोट टेकवलं आणि कुंकू नाकावर सांडलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या बोलल्या, "आज जरा गारवा आहे, नाही?"

"गारवा?" नंदाबाई म्हणाल्या. "अहो, अंगाचं पाणी पाणी होतंय! पन्हं द्या आधी."

सगळ्या हसल्या. लीलाबाई तर पोट धरून हसली. महिनाभराचं साठलेलं होतं.

पन्ह्याचे दोन दोन पेले झाल्यावर अरुंधतीबाईंना कंठ फुटला. समोर एवढं गाव बसलेलं, मग काय विचारता! राजाचा वाडा, बर्फ, जमिनीखालून धावणारी गाडी. बायका 'अगोबाई' म्हणत होत्या आणि बाई फुगत होत्या. लीलाबाई डाळ वाढता वाढता मनात म्हणाली, चला, हिला श्रोते मिळाले, आता तरी मला सोड.

विठाबाई दाराजवळ बसली होती. पाटीतली करवंदं तिने गौरीपुढे ओतली होती आणि डाळीचा द्रोण चाटूनपुसून संपवला होता. तिने मधेच विचारलं, "आन बाई, तितं तुमच्या हळदीकुकवाला किती बाया याच्या?"

अरुंधतीबाई थांबल्या. 'खूप' असं त्यांच्या अगदी ओठावर आलेलं लीलाबाईला दिसलं. पण नंदाबाईंच्या नाकावर ते कुंकू अजून तसंच होतं, त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "एक नाही."

नंदाबाईंनी ओठाशी नेलेला पेला खाली ठेवला.

"बोलावणं केलं होतं मी," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "हीच पैठणी नेसले होते. हाच करंडा. आमचं चार मजली घर, दर मजल्यावर बिऱ्हाडं. आपली रीत म्हणून दारोदार गेले. पहिल्या बाईला वाटलं मी काही विकायला आलेय, तिने मान हलवून दार लावलं. दुसरीने फटीतून बघितलं आणि लावलं. खालच्या मजल्यावर एक म्हातारी होती, चेहऱ्याने मायाळू. मी तिच्या कपाळाकडे बोट नेलं, तर ती मागे सरली, आत गेली, बाहेर आली आणि माझ्या हातावर एक नाणं ठेवलं. मग दार लावलं. डाळ आम्ही दोघंच खात बसलो, आंबेपर्यंत."

"म्हणून इथे आल्यावर कार्डं पाठवली," अरुंधतीबाई म्हणाल्या. "म्हटलं, पुन्हा दारात उभं राहणं नको."

लीलाबाईच्या हातात डाळीचं पातेलं होतं ते तसंच राहिलं. इतके दिवस तिने ह्या बाईला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं!

पहिली बोलली ती विठाबाईच. "आगं, मुडदा बशिवला त्या गावाचा! सवाशीन दारात आल्याली आन तिच्या हातावर पैसा ठिवत्यात? भिकारनी मेल्या! कुनी शिकीवलंच न्हाई त्यास्नी!"

आणि मग जी सुरुवात झाली! नंदाबाई म्हणाल्या, असल्या वस्तीपेक्षा आमचं खंडाळ्याचं रान बरं, तिथे माकडंसुद्धा दारात येऊन बसतात. म्हातारी म्हणाली, अंघोळसुद्धा करत नसतील. सगळ्या बायकांनी मिळून लंडनची अशी काही साल काढली, की तिथल्या राजाला ठसका लागला असेल. आणि सगळ्यात पुढे होत्या अरुंधतीबाई. "दूध म्हणे बाटलीत," त्या म्हणाल्या, "मेलं वरून पाणी कोणी घातलं ते कळतसुद्धा नाही!"

अशा ऐन रंगात शरच्चंद्र आला. मुंबईची गाडी गाठून, हॅट घालून, पायात चकचकीत बूट. दारात वहाणांचा ढीग, आत पोरं रांगतायत, त्याच्या मावशीच्या कपाळाला हळदीचा मळवट, आणि बायको मांडीवर कोणाचं तरी शेंबडं पोर घेऊन हरभरे वाटतेय. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

"मावशी, हे काय? हिला तुझ्याकडे शिकायला ठेवली होती!" तो दारातूनच म्हणाला. "झाली का तयार? मला आजच मुंबईला तार करायचीय."

लीलाबाईने मावशींकडे बघितलं. त्यांनी कबूल केलं होतं, पण कबुलीचं काय! मघाशी अरुंधतीबाईंनी भरल्या दिवाणखान्यावरून एक नजर फिरवली होती, ती तिने पाहिली होती. बायका आल्या होत्या त्या लीलाबाईने बोलावल्या म्हणून. ही गेली, की उद्या परत कोण येईल? अरुंधतीबाईंनी करंड्याचं झाकण लावलं.

"शरू," त्या म्हणाल्या, "तीन वर्षं झाली तुला तिथे. तुझ्या खोलीवर चहाला कोण कोण येऊन गेलं?"

शरच्चंद्र गडबडला. "तिथे कोणी कोणाकडे असं जात नाही, मावशी. पद्धत नाही."

"जातात. आपल्याकडे येत नाहीत," अरुंधतीबाई म्हणाल्या. "मीसुद्धा इथे पद्धतच सांगत होते, दहा वर्षं. हिला घेऊन जा. नाहीतर म्हातारपणी असल्याच कुठल्या ओहोळाला थेम्स म्हणत बसशील."

हॅट काढावी की ठेवावी हे त्याला सुचेना. विठाबाईने रिकामा पेला त्याच्या हातात दिला. "जावईबापू, येवढं पन्हं आना की आतनं. हुबं ऱ्हाऊन काय व्हनार?" शरच्चंद्राने आधी बायकोकडे बघितलं. ती हरभरे वाटत होती, वर बघायला तिला सवड नव्हती. मग त्याने खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या.

दिवे लागायच्या वेळेला बायका उठल्या. जाताना प्रत्येकीने अरुंधतीबाईंना आपल्या घरी बोलावलं आणि बाईंनी प्रत्येकीला येते म्हटलं. फाटकाशी विठाबाईने लीलाबाईच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"पोरी, तितं गेल्यावं तू बी जाशील का गं, दारोदार?"

"जाईन की," लीलाबाई म्हणाली. "एकीने दार लावलं तर दुसरीकडे जाईन. कोणीतरी उघडेलच."

अरुंधतीबाई मागे उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि खिडकीत घडी करून ठेवलेले मोजे घेऊन आल्या. लीलाबाईच्या हातात देताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"हे घालून जा," त्या म्हणाल्या. "बोलावणं करायचं म्हणून मी अनवाणी गेले होते. त्या जिन्याच्या पायऱ्या फार गार असतात गं."